ओर्फेलिना चिग्वाय कुठे राहते

ओर्फेलिना पहिल्यांदा आमच्या ग्रंथालयात आली ती पुस्तकासाठी नाही आणि कॉम्प्युटरसाठी तर नाहीच नाही. बाहेर आडवा पाऊस होता, तिची बस चुकली होती, आणि नगरपालिकेच्या ग्रंथालयात दिवसभर लोखंडी शेगडी पेटलेली असते हे पुएर्तो उल्मोमध्ये सगळ्यांना माहीत आहे. तिने शेगडीपाशी खुर्ची ओढली, हातमोजे काढले आणि एकेक बोट चोळत बसली. सॅमन माशाच्या कारखान्यातल्या बायांचे हात मला लांबूनही ओळखू येतात. गारठ्यात पट्ट्याशी उभं राहायचं, समोरून सरकणाऱ्या माशाच्या तुकड्यांतून चिमट्याने काटे ओढायचे, पाळी संपेपर्यंत तेच. आधी बोटं सुजतात, मग मनगट, मग खांदा.

"आत येणाऱ्याचं नाव लिहून घ्यावं लागतं हो," मी म्हटलं.

तिने जरा वेळ घेतला. "लीना."

"आडनाव?"

"लीना पुरे की. मी काय पुस्तक पळवणार आहे का तुमचं?"

मी लिहिलं लीना. वरून कोणी तपासायला येत नाही.

तेव्हापासून ती दर गुरुवारी यायची. गुरुवारी तिची पाळी लवकर सुटायची आणि तिच्या वस्तीकडे जाणारी बस उशिरा होती. मी शेगडीवर किटली ठेवायची, आम्ही आळीपाळीने एकाच नळीतून माते, आमचा तो पाल्याचा कडू चहा, प्यायचो, ती पिशवीतून लोकर काढून मोजे विणायची. बोलायची कमीच. मुलगी आहे, यास्ना नावाची, शाळेत हुशार आहे, हे कळलं. नवऱ्याबद्दल एकदा म्हणाली, बोटीवर असतो. पुढे कधीतरी म्हणाली, वारला. दोन्ही वेळा मी मान डोलावली. आमच्याकडे बोटीवर गेलेले आणि वारलेले नवरे भरपूर आहेत, त्यातले खरे किती हे कोणी मोजायला जात नाही.

माझं काम ग्रंथालयातले कॉम्प्युटर सांभाळण्याचं. नाव मिरेया, वय पन्नाशीपुढे, पाय दुखतात. लोक पेन्शनचा अर्ज भरायला येतात, मुलं गृहपाठाला येतात, म्हातारे नातवंडांचे फोटो बघायला येतात. ओर्फेलिना मात्र त्या कॉम्प्युटरांकडे चावऱ्या कुत्र्याकडे बघावं तशी बघायची.

"शिकवते तुला, ये," मी म्हणायची. "फुकट आहे."

"नको. मी त्या जाळ्यात नाही, आणि मला यायचं पण नाही." हे ती जरा ऐटीतच म्हणायची. तिच्या नावाचं कुठे खातं नव्हतं, कुठे फोटो टाकलेला नव्हता. फोन होता तो बटणांचा. यास्नाने फोटो टाकला म्हणून एकदा तिने तिच्याशी आठवडाभर अबोला धरला होता. मला वाटायचं, जुन्या वळणाची बाई आहे, इतकंच.

मग जुलैमध्ये, आमच्याकडच्या ऐन थंडीत, ती मंगळवारी आली. कारखान्यातले पांढरे बूट तसेच पायात. लोकर नाही, पिशवी नाही.

"मिरेया, ते तुझं यंत्र लाव. मला मी शोधायचीय."

"आधी बस तरी. काय झालं?"

ती बसली नाही. "फोन आला. 'फाटक हिरवं केलंस वाटतं,' म्हणाला."

"कोण?"

"एरिबेर्तो."

"कोण एरिबेर्तो?"

"माझा नवरा."

"तो वारला ना?"

"मी मारला होता त्याला. बोलण्यात." हे सांगताना ती हसली नाही. "खरा तो आइसेनमध्ये आहे, खाली दक्षिणेत. यास्ना दुसरीत असताना मी तिला घेऊन निघाले. एक पिशवी आणि पोर. बोट सुटेपर्यंत मी तिला शौचालयात घेऊन बसले होते, त्याने धक्क्यावर येऊन ओढून नेऊ नये म्हणून. त्यानंतर दोन गावं बदलली. हे तिसरं."

मी तिच्यासमोर किटली सरकवली. तिने हात लावला नाही.

"आणखी काय म्हणाला?"

"'कुंपणाशी हायड्रेंजिया काय सुंदर फुललीय,' म्हणाला. मी फोन ठेवला आणि खिडकीशी गेले. रस्त्यावर कोणी नाही. मागच्या बाजूला बघितलं, तिथेही नाही. मग डोक्यात आलं, आत्ता कुठली फुलं? जुलै आहे. नुसत्या काड्या उभ्या आहेत अंगणात. मग याने फुलं बघितली कुठे?"

ते मला कळलं, कारण मी रोज तेच बघत असते. नकाशावाल्या कंपनीची ती कॅमेरा लावलेली गाडी कुठल्यातरी उन्हाळ्यात आमच्या गावातून गेली होती. मी नकाशा उघडला, तिच्या वस्तीतला रस्ता उघडला आणि बाण दाबत दाबत पुढे गेले. हिरवं फाटक. निळ्या फुलांनी वाकलेलं झाड. दोरीवर यास्नाचा शाळेचा स्वेटर.

ओर्फेलिना पडद्यापाशी वाकली. आपलंच घर ती असं बघत होती, जसं काही ते दुसऱ्याने विकत घेतलंय.

"म्हणजे तो आलेला नाही."

"नाही. तिथे बसूनच बघितलंय त्याने."

"पण घर हेच, हे त्याला कोणी सांगितलं?"

मी तिचं पूर्ण नाव विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. ओर्फेलिना चिग्वाय बार्रिया. मी टाइप केलं. दुसरी कोणी मारिया नाहीतर कार्मेन असती तर हजार निघाल्या असत्या आणि त्यात ती लपली असती. ओर्फेलिना चिग्वाय अख्ख्या देशात एकच निघाली.

सगळ्यात वर मतदार यादी. नाव, रुत क्रमांक, पत्ता, मतदान कुठल्या शाळेत. रुत म्हणजे सरकारी ओळख क्रमांक, आमच्याकडे जन्मापासून चिकटतो, औषधाच्या दुकानात सवलत हवी असली तरी तो काउंटरवर मोठ्याने सांगावा लागतो, त्यामुळे त्याचं कोणाला काही वाटत नाही. पण इथे नाव टाकलं की रुत, आणि रुत टाकला की घर. ही यादी सरकारने निवडणुकीपुरती लावली होती, ती कोणीतरी उचलून आपल्या पानावर ठेवली होती, शेजारी गुडघेदुखीच्या मलमाची जाहिरात.

त्याखाली घरकुल योजनेची यादी. तिथे लिहिलं होतं, "कुटुंबप्रमुख स्त्री, अवलंबून एक." म्हणजे घरात पुरुष नाही, हेही लिहिलेलं.

त्याखाली बायकांच्या हस्तकला मेळ्याची पत्रिका: लोकरीचे मोजे, चिग्वाय, आणि फोन नंबर. मग कारखान्यातल्या संघटनेचा वर्धापनदिन, मागच्या रांगेत डावीकडून तिसरी ती, तोंडात मिल्कावचा, बटाट्याच्या भाकरीचा, घास, डोळे अर्धवट मिटलेले. खाली सगळ्यांची नावं. मग शाळांच्या धावण्याच्या शर्यतीचा निकाल: यास्ना ओयार्सो चिग्वाय, इयत्ता, शाळा, दुसरा नंबर.

"दुसरा नंबर आला होता?" ओर्फेलिनाने विचारलं. "मला सांगितलं नाही तिने. मी जाऊ देणार नाही म्हणून."

मग ती खाली बसली. शेगडीकडे पाठ करून.

"मी कुठेच नाही म्हणत होते."

"तू काही टाकलेलं नाहीस गं. बाकीच्यांनी टाकलंय."

"वाईट कोणीच केलेलं नाही ना यातलं?"

"नाही. मेळ्यावाल्या बाईंना वाटलं, तुझे मोजे विकले जातील."

"तेच तर." ती पडद्याकडे बघतच राहिली. "कोणावर ओरडू, ते तरी सांग."

दुसऱ्या दिवसापासून ते पुसायचं काम सुरू झालं. मला वाटलं होतं, दोन-चार पत्रं लिहिली की झालं. ते हिवाळाभर चाललं. मेळ्याच्या बाईंनी नंबर लगेच काढला, वर वाईटही वाटून घेतलं: "आम्ही एवढ्या हौसेने छापलं होतं हो!" संघटनेचा सचिव म्हणाला, फोटोतून एकटीला कसं काढू, बाकीच्यांना राग येईल. शेवटी त्याने नाव काढलं, चेहरा ठेवला. नगरपालिका म्हणजे माझंच ऑफिस, वरच्या मजल्यावर. तिथे सांगितलं, सरकारी पैसा कोणाला मिळाला हे लोकांना कळलं पाहिजे, कायदा आहे. कायदा चांगलाच आहे. सरकारी पैसा लाटायला टपलेले माझ्या मेव्हण्यासारखे लोक त्याच्याच धाकाने सरळ राहतात. आम्ही अर्ज दिला, त्याला पोच मिळाली, पोचेनंतर काही मिळालं नाही.

मलमाच्या जाहिरातीवाल्या पानाने तर कमाल केली. नाव काढायचं असेल तर ते नाव तुमचंच आहे हे सिद्ध करा, म्हणून ओळखपत्राचा दोन्ही बाजूंनी फोटो पाठवा, आणि हातात ओळखपत्र धरलेला तुमचा स्वतःचा फोटो.

"म्हणजे मला काढायचं तर आधी अजून द्यायचं?" ओर्फेलिना म्हणाली.

"असंच दिसतंय."

"आणि नाही पाठवलं तर?"

"तर राहील तसंच."

तिने पाठवला नाही. मीही आग्रह केला नाही. नकाशावाल्यांनी मात्र घर पुसट करून दिलं, तेवढं एक काम सोपं निघालं. ते बघायला ती आली, मी बाण दाबत तिच्या रस्त्यावर गेले. सगळी घरं स्वच्छ, आणि मध्येच एक घर धुक्यात बुडवल्यासारखं.

आम्ही दोघी बघत राहिलो.

"मिरेया, आता तर लांबूनही ओळखू येईल की. जिला लपायचंय तिचं घर ते हे."

मी हसले आणि मग तीही हसली. त्या अख्ख्या हिवाळ्यात ती हसल्याचं मला तेवढंच आठवतं.

कोर्टातही जाऊन आलो. शहरात, बसने, पहाटे निघून. तिथल्या तरुण कारकुनाने सगळं नीट ऐकलं, मध्ये पाणी दिलं, एरिबेर्तोला मनाई हुकूम लागेल असं सांगितलं. मग विचारलं, पत्ता?

"तो त्याला दिसेल?" ओर्फेलिनाने विचारलं.

"हुकुमात लिहावा लागतो ना बाई. त्याने कुठे यायचं नाही, ते त्याला कळायला नको?"

तिने सांगितला. परत येताना बसमध्ये ती खिडकीला डोकं टेकून झोपली, तोंड उघडं टाकून, आणि मी तिला गाव आलं तरी उठवलं नाही. पुढच्या थांब्यावर उतरून आम्ही चालत मागे आलो.

फोन येतच होते. तिने नंबर बदलला. नवा नंबर कारखान्यात द्यावा लागला, शाळेत, दवाखान्यात, बँकेत. तीन आठवड्यांनी पुन्हा फोन आला. तो असेल किंवा नसेल, पलीकडून कोणी बोललं नाही. तिने मला सांगितलं तेव्हा आवाजात रागही नव्हता.

यास्ना तेव्हा शाळेच्या शेवटच्या वर्षाला होती. उंच, काटक पोर, आईसारखंच कमी बोलणारी. ती एका गुरुवारी आईच्या आधी येऊन बसली.

"मिरेयामावशी, तुम्ही सांगा आईला. पुन्ता अरेनासला जाऊया. माझ्या मैत्रिणीची आत्या आहे तिथे. खोली मिळेल."

"आणि तुझी परीक्षा?"

"तिथे देईन."

ओर्फेलिना आली तशी पोरीच्या तोंडाकडे बघूनच तिला कळलं.

"बोलून झालं वाटतं तुमचं."

"आई, चल ना गं. पहिल्यांदा थोडंच निघणार आहोत? मला सवय आहे."

"तेच. तुला सवय आहे." ओर्फेलिनाने ओलं जाकीट काढून खुर्चीवर टाकलं. "तुला पोहायची सवय नाही, सायकलची नाही, सवय आहे ती पिशवी भरायची. मी नाही येणार."

"तो आला तर?"

"यास्ना, मी दमलेय. खरंच दमलेय गं. पुन्ता अरेनासला गेले तरी मत द्यायला नाव घालावं लागेल, घर मागायला घालावं लागेल, दवाखान्यात घालावं लागेल. नाव घातलं की पुन्हा कोणीतरी कुठेतरी छापणार. किती वेळा निघू? नाव न घालता राहायचं, तर मग मेल्यावरच राहता येईल तसं."

पोरगी रडली. मी उठून लाकडं घालायला गेले, खरं तर शेगडी भरलेलीच होती.

त्यानंतरच्या शनिवारी ओर्फेलिनाने जे केलं ते मी तिला सुचवलेलं नव्हतं. माझ्या डोक्यातही आलं नसतं. ती एदिताबाईंच्या दुकानात गेली. एदिताबाईंचं किराणा दुकान म्हणजे त्या वस्तीचं तोंड आहे. पाव तिथेच, गॅसची टाकी तिथेच, आणि कोणाची सून माहेरी गेली तेही तिथेच. सकाळच्या पावासाठी रांग होती. मी ओर्फेलिनाबरोबर होते, कारण तिने मला नुसतं "चल" म्हटलं होतं.

"काय शेजारीण, आज दोन किलो?" एदिताबाईंनी विचारलं.

"एकच. आणि एदिताबाई, मला काही सांगायचंय. सगळ्यांनाच."

रांगेतल्या बाया वळल्या. ओर्फेलिना काउंटरला हात टेकून उभी राहिली.

"माझं नाव लीना नाही. ओर्फेलिना. मला नवरा आहे. वारलेला नाही. त्याने माझा हात मोडला होता, हा, म्हणून हा सरळ होत नाही. यास्नाला घेऊन मी पळून आले. आता त्याला माझं घर सापडलंय." मग तिने श्वास घेतला. "आइसेनमध्ये बसून त्या माणसाला माझ्या फाटकाचा रंग माहीत आहे. आणि तुमच्याकडून मी इतकी वर्षं पाव नेते, तुम्हाला माझं नाव माहीत नाही. हे काही बरोबर नाही. म्हणून सांगितलं."

एदिताबाई पाव भरत होत्या त्या थांबल्या.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. "आणि मी समजत होते तुला गर्व आहे."

"कसला गर्व?"

"बोलत नाहीस म्हणून. मी म्हणायची, कारखान्यातली असून काय तोरा."

रांगेच्या मागून कोणीतरी विचारलं, "दिसतो कसा?"

तो दिसतो कसा हे शोधायला मला पाच मिनिटं पुरली. एरिबेर्तो ओयार्सोने काही लपवलेलंच नव्हतं. बोट, मासे, बिअर, नवा ट्रक, भाचीचं लग्न, सगळ्याचे फोटो कोणालाही दिसतील असे लावलेले. त्याला कशाला कोणाची भीती असेल! मी एक चांगला, समोरून काढलेला फोटो छापला. एदिताबाईंनी तो काउंटरच्या आतल्या बाजूला चिकटवला, गिऱ्हाइकाला दिसणार नाही असा, आणि वस्तीकडे येणाऱ्या छोट्या बसच्या ड्रायव्हरला, रुपेर्तोकाकांना, दाखवून ठेवला. काकांनी चष्मा वर करून तो बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "नाक लक्षात राहील."

तो आला ऑक्टोबरमध्ये, दुपारी. मी तिथे नव्हते, मला एदिताबाईंचा फोन आला आणि मी ग्रंथालयाला कुलूप लावून धावत गेले, पाय दुखत असताना. त्याआधीचं त्यांच्याकडून आणि रुपेर्तोकाकांकडून कळलं. काकांनी त्याला बसमध्ये चढतानाच ओळखलं होतं. "फोटोतले केस गेलेत, बारीक झालाय, पण नाक तेच." त्यांनी बस नेहमीपेक्षा सावकाश चालवली, मध्ये एका थांब्यावर टायर बघायच्या निमित्ताने उतरले आणि आधी पोलिसांना, मग दुकानात फोन केला.

मी पोचले तेव्हा तो दुकानासमोर उभा होता. हातात चीजचा गोल, कागदात बांधलेला. मला वाटलं होतं कोणी दांडगा माणूस असेल. हा साधा, थकलेला, रस्त्यात कोणी लक्ष देणार नाही असा. भोवती बाया आपापल्या दारात उभ्या. कोणी शिवी दिली नाही, दगड उचलला नाही. नुसत्या उभ्या होत्या, हात पुसत, आणि बघत होत्या. एदिताबाई दुकानाच्या पायरीवर.

"बायकोला भेटायला आलोय," तो म्हणत होता. "यात काय आहे एवढं?"

"कोण बायको?" एदिताबाई.

"ओर्फेलिना. त्या हिरव्या फाटकात राहते, माहीत आहे मला."

"माहीत आहे तर आम्हाला कशाला विचारता?"

तेवढ्यात कारखान्याची बस आली. ओर्फेलिना उतरली, पाठीमागे पाळीवरच्या आणखी बाया. तिला तो दिसला. ती थांबली, आणि मला वाटलं आता ही वळून पळेल. ती पुढे आली आणि रस्त्याच्या अलीकडेच उभी राहिली.

"ओर्फे," तो म्हणाला. "बघायला आलो तुला. पोरीला."

"मला बघितलंस. पोरगी दिसणार नाही. जा."

"चीज आणलंय. आईच्या गाईंचं."

"एरिबेर्तो, जा."

"रस्ता सगळ्यांचा आहे," तो म्हणाला, आणि तिथे मला तो पहिल्यांदा दिसला, तो जो हात मोडणारा होता तो. आवाज चढला नव्हता. नुसता बदलला होता. ओर्फेलिनाचे खांदे आपोआप वर गेले, मार चुकवायला जातात तसे. इतक्या वर्षांनंतरही. तिच्या मागच्या बायांनी ते बघितलं आणि त्या दोन पावलं पुढे सरकल्या.

पोलीस आले. त्यांनी हुकूम बघितला, त्याला वाचून दाखवला. त्याने काही दांडगाई केली नाही. गाडीत बसताना फक्त म्हणाला, "लपून काय उपयोग? परत सापडशील."

"मी लपलेली नाही," ओर्फेलिना म्हणाली. "इथेच आहे. या सगळ्यांना माहीत आहे."

गाडी गेल्यावर ती एदिताबाईंच्या पायरीवर बसली आणि बूट काढायला लागली, भर रस्त्यात, का ते तिलाही माहीत नसावं. बूट निघेना. एदिताबाईंनीच ओढून काढला.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही. त्याच्यावर हुकूम मोडल्याची केस झाली, दंड झाला, तो परत दक्षिणेला गेला. अधूनमधून फोन येतात, पलीकडून कोणी बोलत नाही. मतदार यादीची ती उचललेली प्रत मी काढवली, म्हणजे ते पान बंद पडलं, आणि पुढच्याच महिन्यात तीच यादी दुसऱ्या नावाच्या पानावर निघाली. यास्ना वाल्दिव्हियाला नर्सिंगला गेली. प्रवेश मिळालेल्यांची नावं विद्यापीठाने लावली होती, सगळ्यांना दिसतील अशी. ओर्फेलिनाला मी ते दाखवलं तेव्हा ती बराच वेळ त्या ओळीवर बोट ठेवून बसली होती. काढायला सांगू का, मी विचारलं. ती म्हणाली, राहू दे, तिने कष्ट केलेत त्यासाठी.

खांदा गेल्यामुळे कारखान्याने तिला पट्ट्यावरून उतरवून धुण्याच्या खोलीत टाकलं. पैसे कमी, पण गरम पाणी. अजून गुरुवारी येते. दोन-तीन महिन्यांतून एकदा म्हणते, "बघ गं जरा, नवीन काही निघालंय का माझं." मी नाव टाकते, आम्ही दोघी खाली खाली सरकवत बघतो. काही निघालं तर पत्र लिहितो, कधी उपयोग होतो, कधी नाही.

मागच्या वेळी मी तिला सरळच विचारलं, "अजून भीती वाटते?"

ती विणत होती. टाके मोजून झाल्यावर म्हणाली, "पूर्वी वाटायची. आता नुसता कंटाळा येतो त्याचा. फोन वाजला की वाटतं, आला मेला पुन्हा, आणि मी हातातलं काम करत राहते."

मग तिने विणलेला मोजा माझ्या पायाशी धरून माप बघितलं आणि टाच उसवायला घेतली.